रोहित आणि नदी सुरय

प्रिय उत्कर्षा,

तुझा निरोप फोनवर वाचला. उत्तर मात्र कागदावर देतेय. फोनवर लिहिलं असतं तर रागानं पुसूनच टाकलं असतं.

मायणीच्या तलावावरचे तुझे रोहित पक्षी परत पेपरात झळकले. गुलाबी पंख, लांब पाय, आणि बाजूला हसणारी तू. रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते म्हणे. इकडं भिलवडीला कृष्णेच्या वाळूवर माझे नदी सुरय अंडी घालतात, तर बघायला कुत्रंही फिरकत नाही. फिरकलंच तर अंडी खायला.

चिडून मी दोन्ही पक्ष्यांची माहिती काढली. रोहित जगात लाखांनी आहेत, त्यांची चिंता कुणालाच नाही. सुरय मात्र असुरक्षित पक्ष्यांच्या यादीत गेलाय. वाळू उपसली किंवा अवेळी पाणी सुटलं की त्याची वीणच बुडते. वाचून मला आनंद झाला, उत्कर्षा. माझा पक्षी संपत चालल्याचा आनंद! तेवढ्या एकाच गोष्टीत मी तुझ्यापुढं होते.

गेल्या आठवड्यात वाळूचा ट्रॅक्टर थेट अंड्यांच्या पट्ट्यावर आला. मी आडवी उभी राहिले. काठावर शेळ्या चारणारी हरणाबाई त्या सोडून शेजारी आली. “पाखरांसाठी वाट अडवता व्हय?” ड्रायव्हर ओरडला. ती म्हणाली, “अंडी हायती तितं. माजी शेळीबी बाजूनं जाती, तुला कळंना व्हय?” तो पुटपुटत मागं वळला. फोटो कुणी काढला नाही.

उदयसिंह असता तर काढला असता. दर उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन तो माझ्याशेजारी तापल्या वाळूत पालथा पडून राहायचा. आमच्यात पाण्याची बाटली एकच असायची. मग तू आम्हाला रोहित बघायला बोलावलंस. परतताना गाडीत तो पक्ष्यांबद्दल बोलत होता, पण प्रत्येक वाक्यात नाव तुझं होतं. त्यानंतर तो नदीवर आलेला नाही.

आता त्यानं तुला मागणी घातलीय. होकार देऊ का, तुमच्यात काही नव्हतं ना, असं तू विचारलंस. त्याच्या बाजूनं नव्हतं. माझ्या बाजूनं होतं, अजूनही आहे. तरी होकार दे. माणूस चांगला आहे. लग्नाला मात्र मी येणार नाही. अंडी फुटायचे दिवस आहेत, असं सगळ्यांना सांग. ते खोटंही नाही.

तरीही तुझीच,
संयोगिता