ठकीच्या खुंट्या

ताई,

ठकीची शाळा संपल्यावर तू तिला माझ्या शिबिरात पाठवलंस. "तिला समजायला वेळ लागतो, पण तू शिकवशील," म्हणालीस. तंबू ठोकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, आणि तेही कुठल्या वर्गात न जाता.

ठकी खुंटी सरळ उभी ठोकायची. ती तंबूपासून बाहेर कललेली हवी. पोरगी पाणी आणायला गेली की मी तिच्या खुंट्या उपटून नीट ठोकायचो आणि वर सगळ्यांदेखत म्हणायचो, "शाब्बास, ठकूबाई!" मला चुकीचं काम बघवत नाही.

काल शिबिराच्या व्यवस्थापकांनी तिला मदतनीस म्हणून ठेवण्याआधी एकटीला तंबू उभारायला सांगितला. मला लांब उभं केलं. वारा सुटला आणि तंबू आडवा झाला. ठकी माझ्याकडे वळली.

"मामा, आज तू माझ्या खुंट्या नीट नाही केल्यास?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

तिचं काम हुकलं. फोनवर मी तुला एवढंच म्हणालो, "तिला नाही जमलं गं." तू म्हणालीस, "जाऊ दे, तिचं नशीब." मी फोन ठेवून दिला.

हे पत्र पोस्टात टाकायची माझी छाती नाही. पण उद्या ठकीला घेऊन माळावर जातोय. तंबू ती ठोकेल. माझे हात खिशात असतील.

तुझा, स्वतःला फार शहाणा समजणारा,
धाकटा