डाव्या गुडघ्यासकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्कावन्न, उंची कागदोपत्री पाच फूट अकरा इंच आणि प्रत्यक्षात हल्ली थोडी कमी, वीज कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीला, एके काळी देशाच्या व्हॉलीबॉल संघातील खेळाडू, राहणार पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याची एक झडप येत्या मंगळवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "काळजीचं काही कारण नाही," आणि तसे म्हणता म्हणता तीन कागद सहीसाठी पुढे सरकवतात. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही.

कलम १. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी थोरल्या बहिणीवर, म्हणजे ताईवर, चिडून लिहिलेली होती. त्यांत मालमत्ता कमी आणि विशेषणे जास्त होती.

कलम २. माझे राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, गळक्या नळासह, मी ताईच्या मुलीला देत आहे. ती एकोणीस वर्षांची असून मी तिला टोळ म्हणते. तिची उडी पाहिलेल्या कोणालाही या नावाचा खुलासा लागणार नाही. घर तिलाच का, तर उडी मारता येईनाशी झाली की माणसाला बसायला स्वतःची जागा लागते. ती मला वेळेवर मिळाली नव्हती. इमारतीला लिफ्ट नाही. तिला जिने चढता यावेत एवढीच माझी अपेक्षा आहे, आणि ती अपेक्षा मी उगीच लिहीत नाही.

कलम ३. हे कलम कोणत्याही मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, "मग ते इथं कशाला?" मी म्हटले, "तुम्ही फक्त शिक्का मारा."

टोळ सध्या राष्ट्रीय संघाच्या शिबिरात आहे. शिबिराची मुख्य प्रशिक्षक तिची आई, माझी ताई. परदेशी जाणारा संघ आज संध्याकाळी जाहीर व्हायचा आहे. मागच्या रविवारी ही मुलगी माझ्याकडे आली, जेवली, आणि हात धुवायच्या आधीच डाव्या पायाची विजार वर सरकवून बसली.

"मावशी, बघ ना. जरासाच सुजलाय."

"जरासा? अगं, हा गुडघा आहे की भोपळा?"

"सकाळी कमी असतो. आईला सांगू नकोस हं. शपथ घे."

"तुझी आई दिवसभर तुझ्यासमोर उभी असते. तिला दिसत नाही?"

"मी सरावाला पट्टा लावते. आणि ती माझ्याकडे बघत नाही गं, ती माझ्या उडीकडे बघते."

मी बोट लावून पाहिले. गुडघ्याच्या वाटीखाली पाणी डुचमळत होते. खाली उतरताना ती दोन्ही पायांवर उतरत नाही, उजव्यावर उतरते आणि डावा नंतर टेकवते, हे मी तिच्या मागच्या सामन्यात पाहिलेच होते. टीव्हीवर. आवाज बंद करून, कारण समालोचकाला चेंडू कुठला आणि डोके कुठले एवढेही कळत नव्हते. मी तिला म्हटले, डॉक्टरकडे जा. ती म्हणाली, "परत आल्यावर." हे दोन शब्द मीही एकदा म्हटले होते. परत आले ती कुबड्या घेऊन.

शपथ मी घेतली आणि ती आजही मोडलेली नाही. मी ताईला काहीही सांगितलेले नाही. मी फक्त माझे मृत्युपत्र लिहीत आहे.

कलम ४. माझे सुवर्णपदक, काचेच्या कपाटातले, महासंघाच्या सचिवांना द्यावे. सत्काराच्या भाषणात त्यांनी माझ्या "अचूक सर्व्हिसचे" तोंड भरून कौतुक केले होते. सर्व्हिस हा माझा सर्वांत कच्चा भाग. आयुष्यभर मी ती फक्त जाळीत घातली. त्यांनी पदक जवळ ठेवून एकदा नीट पाहावे आणि ते कशाचे आहे हे कोणाला तरी विचारावे.

विचारलेच तर ही हकीकत त्यांना वाचून दाखवावी.

मी जाळीजवळ मध्ये खेळत असे. ताई सेटर होती. म्हणजे आपल्या संघाला चेंडू कोणी मारायचा हे ठरवून, त्याच्यासाठी तो उंच ठेवणारी. मधल्या खेळाडूचे काम विचित्र असते. चेंडू सेटरच्या बोटांना लागायच्या आधीच त्या खेळाडूला हवेत असावे लागते. आला तर मारायचा, नाही आला तर तसेच खाली यायचे, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. सेटर पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करते, त्या सगळ्या संघासाठी असतात. पण ताईची आणि माझी एक खूण वेगळी होती, घरच्या गच्चीवर दोरी बांधून खेळायचो तेव्हापासूनची. तिने अंगठा आत मुडपला की त्याचा अर्थ: हा तुझाच, नक्की.

अंतिम सामन्याच्या पाचव्या सेटला आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणखी एक मिळाला की सामना आमचा. समोरच्या मुली हुशार होत्या. चेंडू माझ्याकडे येणार हे मला ठाऊक असले की उडी मारताना माझे तोंड उघडते, हे त्यांनी हेरले होते. तोंड मिटलेले असले की त्या माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. हे त्यांना कळले आहे, हे ताईला कळले. मला ते सांगावे असे कोणालाच वाटले नाही.

ताईने अंगठा मुडपला. मी तोंड उघडून उडी मारली. समोरच्या तिघी माझ्यावर धावून आल्या. ताईने चेंडू पाठीमागून दुसऱ्या टोकाला दिला, तिथे रिकामे मैदान होते. आम्ही जिंकलो. मी खाली आले ती समोरच्या एकीच्या पावलावर, आणि माझ्या गुडघ्यात सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सगळ्यांनी ताईला खांद्यावर उचलले. मला मालीशवाल्या बाईने उचलले.

दवाखान्यात ताई आली तेव्हा मी विचारले, "अंगठा का मुडपलास?"

ती म्हणाली, "तुला खोटी उडी मारता येत नाही. तुला फसवल्याशिवाय त्या फसल्या नसत्या."

हे खरे आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की माझा गुडघा आधीपासून सुजलेला होता, हे हॉटेलच्या न्हाणीघरात बर्फ लावून देताना तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. "कोणाला सांगू नकोस" असे मी म्हटले आणि तिने ऐकले. आयुष्यात तिने माझे ऐकले ते तेवढे एकदाच. त्यानंतर आमच्यात सरळ बोलणे नाही. निरोप असले तर टोळ पोचवते, आणि वाटेत त्यातले तिखट कमी करते.

कलम ५. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला पुरावी. उरली तर नळ दुरुस्त करून घ्यावा.

कलम ६. जाळी, सहा चेंडू, हवा भरायचा पंप आणि गुडघ्याच्या गाद्यांची जोडी, ज्यातली डावी कधीच फारशी झिजली नाही, मैदानाशेजारच्या शाळेला द्यावी.

कलम ७. माझ्या माजी नवऱ्याला काही नाही. जाताना तो मिक्सर घेऊन गेला, त्याचे भांडे माझ्याकडेच राहिले. ते हवे असल्यास त्याने स्वतः येऊन न्यावे.

कलम ८. अंत्यविधीला महासंघातर्फे कोणी बोलू नये. शिट्टी वाजवून एक मिनिट शांतता पाळू नये. शिट्टी वाजली की मी उठून बसण्याची शक्यता आहे.

कलम ९. माझ्या थोरल्या बहिणीला काहीही नाही. तिने या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करावी.

याबाबत वकिलांशी वाद झाला तो असा. ते म्हणाले, "साक्षीदार असा हवा, ज्याला यातून काही मिळत नाही." मी म्हटले, "मग ताईइतकी योग्य बाई मिळणार नाही." ते म्हणाले, "पण घर तिच्याच मुलीला जातंय, आणि तुम्ही तर बोलत नाही ना?" मी म्हटले, "सहीला बोलावं लागत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला, पण कायद्यात बसते असे कबूल केले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही, असे त्यांनी मला समजावले. ते ताईला ओळखत नाहीत. ताई औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचून मगच झाकण उघडते.

पुरवणी (त्याच दिवशी, दुपारी)

ताई आली. तिसरा मजला न थांबता चढून आली, धाप नाही. पाणी घेतले नाही. मृत्युपत्र हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि चष्मा लावला. तळमजल्यावरचे शिंपी साक्षीदार म्हणून आधीच सही करून, टेप गळ्यात तसाच ठेवून, खुर्चीच्या टोकावर बसले होते. वकील घड्याळ पाहत होते.

कलम एकवर ती किंचित हसली. कलम तीनवर तिचे बोट थांबले. तिने ते कलम पुन्हा वाचले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुठला?"

"लिहिलंय की. डावा."

"पाणी आहे?"

"हाताला लागतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घेतली होती. आपल्या घरात सुजलेला गुडघा लपवायची रीत आहे, तुला ठाऊक आहे."

शिंप्यांनी उगीच टेपचे टोक गुंडाळले. ताईने पर्समधून फोन काढला आणि आमच्यासमोरच शिबिरात कोणाला तरी सांगितले, "यादी अजून पाठवली नाहीस ना? बारा नंबर काढ. हो, माझीच मुलगी. कारण दुखापत लिही. नाही, तिला मी सांगेन."

फोन पर्समध्ये ठेवताना तो तिच्या हातून निसटून टेबलावर पडला. त्या हाताने तिने देशासाठी हजारो चेंडू उचलले होते, एकही निसटला नव्हता.

"ती जन्मभर माझ्याशी बोलणार नाही," ताई म्हणाली.

"जन्मभर नाही," मी म्हटले. "साक्षीदार लागेपर्यंत."

वकील खोकले. ताई हसली नाही, पण तिने पेन मागितले. उरलेली सगळी कलमे, चौथेसुद्धा, शेवटपर्यंत वाचली. चौथ्यावर तिने एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवली नाही. मग सही केली.

उठताना म्हणाली, "मंगळवारी दवाखान्यात कोण आहे तुझ्याबरोबर?"

"झडप."

"मी येते."

"नक्की?"

ती दाराशी पाठमोरी उभी राहून चपला घालत होती. डावा हात भिंतीला टेकवला होता. उजवा तिने सावकाश पाठीमागे नेला, कमरेच्या जरा खाली, नेहमीच्या जागी. अंगठा आत मुडपलेला होता.

या खुणेचा माझा शेवटचा अनुभव कलम चारमध्ये नोंदलेला आहे. तरी वकिलांच्या समक्ष लिहून ठेवते की माझे तोंड उघडले. चेंडू येणार की नाही हे पाहून उडी मारायची सोय मला कधीच नव्हती.

वरील मजकूर मी वाचला असून तो माझाच आहे, रागासकट.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे शिंपी. मजकूर वाचला नाही, ऐकला.

साक्षीदार २: (सही) थोरली बहीण. मजकूर पूर्ण वाचला.

स्थळ: तिसरा मजला, स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: मंगळवारच्या आधीचा शुक्रवार