कुणालाही सांभाळता येईल अशी लिनक्स

नाशिक, १२ नोव्हेंबर २००५

ती. नाना आणि आई यांना उज्वलाचा नमस्कार.

"तू गेलीस तर हे संगणक कोण सांभाळणार?" असं गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या सरांनी विचारलं. घाबरू नका, कुणी काढलेलं नाही. करार मार्चपर्यंत आहे.

जमिनीखालच्या पाण्याची गणितं आम्ही ज्या अकरा संगणकांवर करतो, ते लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. ती फुकट मिळते, पण तिचे प्रकार पुष्कळ. मी त्यातला एक स्वतः, भाग भाग जोडून बसवला होता. फार वेगवान, पण बिघडला तर माझ्याशिवाय कुणाला उमगायचा नाही.

सोबत काम करणारी मोहिनी म्हणाली, "अगं वेडे, तोच ठेव. मग तुला कशाला काढतील?"

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मलाही ते पटलं होतं. पण विहिरींच्या नोंदींचं हे काम दहा वर्षं चालायचं आहे. नाना, तुम्हीही गिऱ्हाइकाच्या पंपात कुठंही मिळणारेच भाग घालता ना?

आईचा गुडघा कसा आहे? ती शेक घेते का? माझी मेस बरी आहे, भाकरी मात्र खावी तर आईच्या हातचीच.

काल मी अकराही संगणकांवर डेबियन नावाची साधी, बऱ्याच जणांना येणारी लिनक्स बसवली. गणितं जरा हळू सुटतात, उत्तरं तीच येतात. सगळी रीत मराठीत वहीत लिहिली आणि पासवर्ड मोहिनीला देऊन टाकला.

तुमची लेक,
उज्वला