कणकुंबीच्या वळणावरचा फोटो

प्रिय आक्का,

सप्रेम जयभीम. एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. फोनवर मी काही बोलत नाही, कुणीतरी ऐकतंय म्हणतो, हे तुला पाठ आहे. पण आजचं कारण ते नाही. तुझ्यासमोर आलो की भलतंच काहीतरी बोलतो. परवा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो, तुझ्या अक्षराला अभ्यासाचं उगाच काहीतरी विचारलं आणि तसाच परत फिरलो.

आक्का, तू शाळेत परत जा. इतकी वर्षं खानापूरच्या खेड्यांतून पोरांना शिकवलंस, आता स्कूटरची किल्ली बघितली तरी तोंड फिरवतेस. काल दारात कुरियरवाला आला तर तू आत जाऊन कडी लावलीस. हात महिन्याभरात जुळेल, पण तुझं हे घाबरणं मला बघवत नाही. आंघोळीच्या वेळी तुझ्या प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधतो, तेव्हा तू म्हणतेस, "लई करतोस रं यशा माझं." त्या वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

माझा तो 'उघडे डोळे' ग्रुप तुला कधीच आवडला नाही. कंपनीनं घरून काम दिलं, दिवसभर अनगोळच्या या खोलीत मी एकटा, आणि तिथं माझं ऐकणारी माणसं भेटली. आम्ही सगळेच खुळे होतो असं मी आजही म्हणणार नाही. रस्त्यारस्त्यावर कॅमेरे लागले, ते कोण बघतं ते सांगत नाहीत. घराघराचा सर्वे काढला, दारावर स्टिकर, घराचा फोटो, आधार नंबर. कशाला म्हणून विचारलं तर साहेब म्हणतो वरून ऑर्डर आहे. आप्पांनी आपल्याला लहानपणापासून शिकवलं की प्रश्न विचारायला भ्यायचं नाही. मी विचारत होतो. फक्त उत्तर यायच्या आधीच मी ते स्वतः लिहून टाकायचो, आणि लोक मला सर म्हणायचे.

तुला सर्वेची ड्यूटी लागली तेव्हा मी जेवताना तुला व्याख्यान दिलं होतं. तू सरकारची हेर होणार म्हणालो. तू ताट घेऊन उठलीस, आणि त्यानंतर कुठल्या गावाला जातेस ते मला सांगणं बंद केलंस. बरोबरच केलंस.

त्या दुपारी कणकुंबीकडच्या एका वाडीवरून भरमूनं ग्रुपवर फोटो टाकला. तो कधी भेटलेला नाही, पण माझा एकेक शब्द खरा मानणारा. फोटोत वळणावर एक बाई उभी. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळलेलं, फोन धरलेला हात आभाळाकडे. त्यानं विचारलं होतं, "सर, ही बाई रोज हितंच का थांबती?" आपल्याकडं स्कूटरवरची प्रत्येक पोरगी धुळीपायी तोंड बांधते, आणि त्या रानात रेंज फक्त त्या वळणावर येते. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. तरी मी फोटोवर लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: 'तोंड का लपवलंय? माहिती कुणाला पाठवतेय? थांबवा आणि विचारा.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला थांबवलं. फोन हिसकावला, ढकलाढकलीत तू चरात पडलीस. हो आक्का, तो गोल मी काढला होता.

त्यानंतरचंही ऐक. ग्रुपवर लोक म्हणतात, ती बाई नाटक करते, प्लास्टर खोटं आहे, आपल्यावर केस घालायला उभी केलीय. स्वयंपाकघरात तू डाव्या हातानं अक्षराच्या वेणीशी झटत होतीस आणि मी इकडं बसून हे वाचत होतो. मी एका शब्दानं कुणाला अडवलं नाही. पोलिसांनी भरमूला उचललंय. फोटो कुणाला पाठवलास म्हणून विचारतात तर तो तोंड उघडत नाही. त्याच्या बायकोनं, नागुबाईनं, ग्रुपवर नंबर शोधून मला फोन केला. "सर, तुमचं नाव त्येनी घेतलेलं न्हाय बघा. तुमीच काय तरी करा." मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

काल रात्रीच्या जेवणाला तू मला म्हणालीस, "तू कॉम्प्युटरवाला न्हवं? त्यो फोटो कुनी फिरवला हुडकून काढ की रं. त्येला येकदाच इचारायचंय, माझं काय चुकलं हुतं." मी मान हलवली आणि भाकरी मोडत राहिलो. म्हणून हे पत्र. तुझं काहीच चुकलं नव्हतं. वर लिहिलंय ते अर्धंच आहे. फोटो पाठवल्यावर थोड्या वेळानं मी तो पुन्हा मोठा करून बघितला. एक गुडघा वाकवून, सगळा भार दुसऱ्या पायावर टाकून उभं राहायची ती सवय या घरात एकाच माणसाची आहे. मी तुला ओळखलं, आक्का. तेव्हा फोटो पुसता आला असता, तुला फोन करून उद्या जाऊ नकोस म्हणता आलं असतं. पण मेसेज धडाधड पुढं जात होता, आणि पुसला तर हेच लोक म्हणाले असते की सर विकले गेले. मी तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं. आता मी पोलीस ठाण्यात चाललोय, भरमूला सोडवायला. उद्या तुला जबाबाला बोलावतील. आई रडेल, भाऊ आहे म्हणून सांभाळून घे म्हणेल. तिचं ऐकू नकोस. माझं नाव सांग, आणि नातं विचारलं तर तेही सांग.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
यशपाल