मीच केलेला नियम

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

आज माझं तोंड सुटलं. आमच्या लेखन-गटाचे नियम मीच केलेत — कागदावर नाव घालायचं नाही, वाचायचं दुसऱ्याने, आधी आवडलेलं सांगायचं, मग खटकलेलं. आणि ज्याचं लिखाण त्याने शेवटपर्यंत गप्प बसायचं.

दशरथने एक गोष्ट वाचली. नवऱ्याची होडी बुडाल्याची बातमी येते, तरी बाई त्या दिवशी बाजारात मासळी विकत बसते. मी फटकन म्हटलं, "खोटं वाटतं. अशी बाई नसते." आवडलेलं सांगायचं राहूनच गेलं!

मग पाहिलं — पालीच्या कोळीवाड्यातून येणारी शकू मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. मासळीबाजाराचं दुसरं कोण लिहिणार? एवढंही कळू नये मला? तिची बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाली, "कायी न्हाय."

१३ फेब्रुवारी

शकू आली नाही. दशरथ म्हणतो, "तुमचा मुद्दा बरोबर होता, ताई." असेल! माणूस गेलं तर मुद्दा काय चाटायचाय?

१७ फेब्रुवारी

तिची सासू, सरूबाई, तरुणपणीच विधवा झाली — शकूच कधीतरी म्हणाली होती. आज ऑफिसात एकदम आठवलं. म्हणजे गोष्ट घडलेली. आणि मी खोटी म्हटली. दोन पत्रं भलत्याच पाकिटांत घातली.

२० फेब्रुवारी

आजही नाही. हे म्हणाले, "जाऊन माफी माग ना, इथे उसासे टाकून काय होणारेय?" ह्यांना बोलायला काय जातं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

पालीला गेले. बसमध्ये पाठ केलेलं दारात एकही वाक्य आठवेना. शकू सुकट आवरत होती.

"मना राग न्हाय आला, ताई. तुमी बोललात ते घरी सांगितलं. गोष्ट सासूचीच. लग्न होऊन आले तवापासून ऐकतेय. पन तुमचं बोलनं ऐकल्यापासून ती धड जेवत न्हाय, म्हनून मी घरीच." मग हळूच म्हणाली, "उद्या तिला घेऊन येते. तुमालाच भेटायचं म्हनते."

कसं तोंड दाखवू? उद्या गट मोडणार, आणि मीच मोडलेला असणार.

२७ फेब्रुवारी

सरूबाई आल्या. पाणीही घेतलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही बाय बरोबर बोलली. मी त्या दिवशी बाजारात न्हवतेच. इतकी वर्सं खोटं सांगितलं."

मग त्या शकूकडे वळल्या.

"लिव गं शकू, कुठं व्हते ते सांगते."