कोकरू हातानेच फिरवायचं

१८ मार्च, सोमवार
आजपासून उपास. ईस्टरपर्यंत मांस, मासे, अंडी, दूध, चीज बंद. यंदा एकदाही मोडायचा नाही. शिवाय रोज चालणे आणि रागावर ताबा.

संध्याकाळी. रागावर ताबा राहिला नाही, पण दोष माझा नाही. आमच्या इथल्या ग्रीक गावकरी मंडळाची मीटिंग होती. आरेती (नवी अध्यक्ष, वकील, गाडी चालवायला मीच शिकवली, पार्किंगमध्ये दोनदा नापास) म्हणाली, पान्ताझिसकाका, यंदा कोकरांच्या सळयांना मोटर लावू या, तुम्हालाही आराम. मोटर! ओकली उपनगरातल्या आमच्या हॉलमागच्या अंगणात मंडळाची ईस्टरची कोकरं वर्षानुवर्षं मी भाजतो. हाताने सळई फिरवून. हाताला मांस कळतं. मोटरला काय कळतं, कपाळ?

माझा कुंबारोस स्त्रातोस कमिटीत आहे. लग्नात आमच्या डोक्यांवरचे मुकुट अदलाबदल करणारा, माझ्या मुलीचा धर्मपिता, सख्ख्या भावाहून जवळचा. तो सगळा वेळ छताकडे बघत होता. संतापाने वाचा बसली असणार बिचाऱ्याची.

१९ मार्च
स्त्रातोसकडे गेलो. म्हणाला, कुंबारे, वय झालं, कंबर धरते तुझी, राजीनामा देऊन मोकळा हो. काय डोकं आहे गड्याचं! राजीनामा टाकला की धावत येतील, पाय धरतील. मग आपल्या अटी. अट एक: मोटर नाही. अट दोन: मान पूर्वीसारखाच. म्हणजे सळईवरून उतरलेली कोकरं बायका कापायला आत नेतात तेव्हा नाचाच्या रांगेत सगळ्यांत पुढे, हातात रुमाल घेऊन, मी. दरवर्षी स्त्रातोस स्वतः मला दंडाला धरून तिथे उभा करतो. असा मान मंडळात दुसऱ्या कुणाला नाही.

त्याच्याकडे दुधाची कॉफी झाली. कॉफी हे पेय आहे, अन्न नव्हे.

२१ मार्च
राजीनामा दिला. 'आता दुसरा माणूस बघा' असं मुद्दाम लिहिलं. दुसरा नाही हे लगेच ध्यानात येईल. फोन मांडीवर घेऊन बसलोय.

२५ मार्च
फोन नाही. मायदेशाचा सण, मिरवणुकीच्या गडबडीत असतील. दुपारी तळलेला मासा आणि लसणाची चटणी. आज माशाला सूट असते. नंतर गॅरेजमध्ये उभ्याने सॉसेज खाल्लं, त्याला सूट नसते. पण राजीनाम्याचा ताण फार आहे. एवांथियाला सांगितलं नाही. बायकोला प्रत्येक गोष्ट सांगायची नसते.

२ एप्रिल
आरेतीचा मेसेज: 'कमिटीने आपला राजीनामा कृतज्ञतापूर्वक स्वीकारला आहे.' तीनदा वाचला. मग शांतपणे विचार केला. वकील आहे, खेळी खेळतेय. आपणही घाई करायची नाही. एवांथियाला मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, देव पावला. तिला डावपेच कळत नाहीत.

चालणे: पाऊस होता. पडला नाही, पण होता.

११ एप्रिल
संशयास्पद. एवांथिया फोनवर कुजबुजत होती. मी आत गेलो तर, बरं ठेवते हं, म्हणून बंद. पलीकडे स्त्रातोस होता, त्याचं ते खिंकाळणं मी कुठेही ओळखेन. दुपारभर डोकं पोखरत होतं. चहाच्या वेळी लख्ख उजेड पडला. सत्कार! ईस्टरला, भर हॉलमध्ये, माझा! म्हणून एवढी गुप्तता. ठराव एवांथिया मांडणार, अनुमोदन स्त्रातोस देणार. उगाच संशय घेतला बिचाऱ्यांवर. भाषण लिहायला घेतलं.

२० एप्रिल
एवांथियाच्या केसांना कोळशाचा वास. म्हणे हॉलवर ईस्टरची बिस्किटं करत होतो आम्ही बायका. बिस्किटांना कोळसा कशाला लागतो? विचारलं नाही. त्यांचा बेत आपण का बिघडवा? भाषण लांबतंय. बालपणाचा भाग कापावा लागेल.

२८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चबाहेर स्त्रातोस भेटला. बोटांना पट्टी. म्हणाला, पोळलं, तव्याने. या माणसाने जन्मात तवा धरलेला नाही. मी काही बोलणार तेवढ्यात आरेती पायऱ्यांवरून ओरडली, स्त्रातोसकाका, गेल्या आठवड्यातली मोटरची ट्रायल झकास झाली हं! आणि मग तिला मी दिसलो.  स्त्रातोस नुसता खोकत राहिला.

म्हणजे माझ्या जागी हा. ज्या हातांनी माझ्या डोक्यावर मुकुट ठेवला त्याच हातांनी माझी सळई पळवली. आणि घरचं माणूस? घरी येऊन विचारलं, तर तीही ट्रायलला होती! मांसाला ओरेगानो हिनेच चोळला! वर मलाच म्हणते, कुणीतरी करायलाच हवं ना पान्ताझी, तूच सोडलंस. मी सोडलं नव्हतं, राजीनामा दिला होता. यात फरक असतो. आपली माणसं. ज्यांच्यासाठी भाषणात मी आभाराचं अख्खं पान लिहिलं होतं.

भाषण फाडलं. मग चिकटवलं. नंतर लागू शकतं.

निर्णय: ईस्टरला हॉलची पायरी चढणार नाही. घरच्या अंगणात माझं कोकरू, माझे निखारे, माझा हात. धूर सुटला की अर्धं ओकली वासामागे चालत इथे येईल. तिकडे राहतील दोघं, मोटरची घरघर ऐकत.

३ मे, गुड फ्रायडे
आज तेलसुद्धा चालत नाही. पाळलं. दुपारपर्यंत.

खाटकाकडून कोकरू आणलं. त्याने विचारलं, हॉलसाठी का? म्हटलं, यंदा हॉलच माझ्याकडे येणार आहे. अंगणात खुर्च्या मांडल्या. कमी पडू नयेत म्हणून शेजारच्या ग्रॅहमकडूनही आणल्या. एवांथिया दारात उभी राहून खुर्च्यांकडे बघत राहिली. म्हणाली, चल ना रे हॉलवर, सोड हा हट्ट. मी तिच्याशी बोलत नाही, हे तिला बोलून दाखवलं.

५ मे, ईस्टर
चर्चहून आल्यावर लाल अंडी लढवली. माझं अंडं एवांथियाच्या अंड्यापुढे पहिल्याच टकरीत फुटलं. अंडी रंगवली कुणी? तिनेच. लक्षात ठेवलंय.

निखारे उत्तम पडलेत. फिरवतोय. डाव्या हाताने लिहितोय.

दुपार. कंबर गेली. कुणी आलं नाही. ग्रॅहम आला, पण धूर त्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर जातोय हे सांगायला. बस म्हटलं, खुर्च्या तुझ्याच आहेत. बसला नाही. हॉलकडून क्लॅरिनेट ऐकू येतंय.

जरा वेळाने. बाहेरून काय रंग आलाय! काळसर, कुरकुरीत. मांडीत सुरी घातली. आत लालभडक. पार कच्चं. असं माझ्या हातून आयुष्यात कधी झालेलं नाही. कोळसा खराब.

कोकरू गाडीत घालून हॉलवर चाललोय. ही माघार नव्हे. खराब कोळशाने काय होतं ते कमिटीला दाखवायला.

६ मे, सोमवार
काल परत आल्यावर लिहायला हात चालला नाही. आज लिहितो.

हॉलच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो. वाटलं होतं खळबळ माजेल. मला कोकरू घेऊन आलेला बघून एकही बाई दचकली नाही. एवांथियाने मांडीत सुरी घातली, डोकावली आणि म्हणाली, नेहमीसारखंच. झालं, सगळ्या कामाला लागल्या. एकीने मोठा ट्रे पुढे केला, एकीने फॉइल फाडली, कुणी लिंबं पिळली, कुणी ओव्हन उघडला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आंधळ्यालाही कळावं, हे काम या बायकांच्या हाताखालून पुष्कळदा गेलंय.

मी विचारलं, नेहमीसारखं म्हणजे?

 तेवढ्यात स्त्रातोस आत आला. ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सवयीने माझा दंड धरून म्हणाला, चल कुंबारे, नाच सुरू होतोय, पुढे तू! दरवर्षी हेच म्हणतो. शब्द न् शब्द.

आणि तेव्हा कळलं. तो मान नव्हता. मला स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचं होतं. कोकरू जितकं कच्चं, तितके नाच जास्त. एका वर्षी तर पाय सुजेपर्यंत नाचलो होतो. घरी येऊन एवांथियाला म्हणालो होतो, लोक मला सोडतच नाहीत गं. आणि ती माझ्या पायांना तेल चोळत, हो रे, म्हणाली होती.

काल तिला सगळ्यांसमोर विचारलं, दरवर्षी? ती म्हणाली, तू इतका खूश असायचास पान्ताझी, कुणाची जीभ रेटणार होती? मीच सगळ्यांना शपथ घातली होती. स्त्रातोस म्हणाला, मोटर आणली की कोकरं आपोआप नीट भाजतील म्हटलं, तर तू अडून बसलास, म्हणून राजीनामा सुचवला. तेवढ्यात कुणीतरी बाई फिसकन हसली.

फसवलं मला. अख्ख्या मंडळाने, बायकोने, कुंबारोसने. वैरी असते तर एका वर्षात थकले असते, हे थकलेच नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, धूर लागला. धूर नव्हता. मोटरवाली कोकरं केव्हाच भाजून, वाढून, खाऊन झाली होती.

मी नाचलो नाही. पुढे स्त्रातोस उभा राहिला. चांगला नाचतो मेला. बऱ्याच वेळाने माझ्या कोकराचं ताट माझ्यापुढे आलं. खाल्लं. तीच चव. हाताने फिरवलं की कशी उतरते म्हणून मी लोकांना धरून धरून सांगायचो, तीच.

आता दोघांशी कायमचा अबोला.

संध्याकाळी. फोन वाजला. आरेती! शेवटी आलाच फोन. घसा साफ केला, चिकटवलेलं भाषण हाताशी घेतलं. ती म्हणाली, काका, पुढच्या वर्षीची एक जबाबदारी तुम्हीच घ्यायची, नाही म्हणायचं नाही. म्हटलं, माझ्या अटी आहेत, आधी मोटर काढा. ती म्हणाली, अहो, सळई नाही, पार्किंग. काल गाड्यांचा नुसता चिखल झाला होता, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? ठराव एवांथियाकाकूंनी मांडला, स्त्रातोसकाकांनी अनुमोदन दिलं, एकमताने पास.

नकारच देणार होतो. पण विचारलं, आणि नाचात पुढे कोण?

ती म्हणाली, त्याची आता काय गरज आहे, काका?

फोन ठेवला. एवांथियाने आतून विचारलं, कोण होतं रे? जसं काही तिला माहीतच नव्हतं.