जुना माल आधी

३ मे, सकाळी ६.१०
आजपासून शकुनच्या औषधांचा कारभार माझ्याकडे. एकतीस वर्षे कापसाच्या जिनिंगचे भांडार सांभाळले, एक बेअरिंग गंजू दिले नाही. बायकोच्या सहा गोळ्या म्हणजे काय!
काल डॉक्टरांनी साखरेची गोळी बदलली. किडनी थकली आहे म्हणे. मोठी बंद, छोटी सुरू. शकुनने दोनदा विचारून घेतले. मला एकदाच कळले.

३ मे, रात्र
मसाल्याचा डबा रिकामा केला. सात वाट्या, सात वार. वाट्या पुसून सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून त्यांत भरल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या पिवळ्या. हळद जंतुनाशक असते, उलट फायदाच.
शकुनने विचारले, तिखट-मीठ कुठाय? पेपरात बांधून ठेवलेय, सांगितले. म्हणाली, मंग सयपाकबी तुमीच करा.

५ मे
कपाटात मोठ्या गोळ्यांच्या चार स्ट्रिप सापडल्या. अख्ख्या. प्राजक्ताला अमरावतीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, बंद केल्या ना, फेका त्या. या पिढीला फेकणे तेवढे येते.
जुना माल आधी काढायचा, नवा मागे ठेवायचा. भांडाराचा पहिला नियम. आधी मोठ्या संपवू, मग छोट्या सुरू. अडकित्त्याने प्रत्येकीचे दोन तुकडे केले. गिळायला सोपे. शकुनला सांगितले नाही. तिला उगाच काळजी.

९ मे
ज्येष्ठ नागरिक मंडळात आरोग्य केंद्राच्या चंदा सिस्टर आल्या. बंद झालेली, तारीख गेलेली औषधे घेऊन या असा निरोप होता. टेबलावर खोका ठेवला. नालीत टाकू नका, संडासात टाकू नका, शेजाऱ्याला देऊ नका. खोका मिळाला नाही तर चहाच्या चोथ्यात, मातीत कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, बंद केलेली गोळी संपवायची नसते, काका. सगळ्यांसाठीच म्हणाल्या असाव्यात.
खोका लावायला मदत केली. चांगला चांगला माल लोक टाकत होते. पुंजारामच्या गुडघ्याच्या तर न फोडलेल्या! अकरा स्ट्रिप वाचवल्या.
शकुन कपाळाला हात लावून म्हणाली, लोकं टाकाले गेले अन् तुमी उचलून आनलं!

१३ मे
पारा पंचेचाळीस. शकुनला घाम, हात थरथरतात. कुलरचा पंप नीट चालत नाही.
संकल्प : पंप बदलणे.

१६ मे
तिने चहात मीठ टाकले. मी हसलो. ती हसली नाही. मले काहून असं होऊन राह्यलं, विचारत होती. वय, म्हटले. मग म्हणाली, थे मोठी गोळी तं बंद झाली नं?
झाली, म्हटले. खोटे नाही. कागदावर बंदच आहे.
डॉक्टरकडे चला म्हणते. सोमवारनंतर नेईन. तोवर आणखी एक स्ट्रिप तरी संपेल. आत्ता गेलो तर डॉक्टर नसत्या चौकशा करतील.

१९ मे, दुपारी ३
जेवली नाही. आमरसाचे दोन चमचे तेवढे. जीभ जड. मला मोतीभाऊ म्हणाली. तिचा भाऊ मोतीराम जाऊन नऊ वर्षे झाली. आमरसाने साखर चढली, दुसरे काय! अर्धी गोळी जास्त दिली.
पंप राहिलाच.

१९ मे, सायं. ५.४०
शांत झोपली आहे. घोरतेही. गोळी लागू पडली.

२३ मे, दवाखाना
तिला उठवता आले नव्हते. मशीनवर साखर अठ्ठावीस.
डॉक्टरांनी विचारले, कोणती गोळी देत होतात? लिहिली होती ती, म्हटले. प्राजक्ता अमरावतीहून आली होती. घरी जाऊन मसाल्याचा डबा घेऊन आली, टेबलावर ठेवून झाकण काढले. डॉक्टरांनी एक पिवळा तुकडा उचलून बघितला. मी त्यांना सात वारांची व्यवस्था समजावून सांगितली. अर्ध्यात प्राजक्ता म्हणाली, बाबा, चूप बसा.
शकुन अजून डोळे उघडत नाही.

२ जून
घरी आणले. चालते, धरून. कुकरचे झाकण हातात घेऊन उभी राहते. कसे लावायचे ते आठवत नाही. मेंदूला साखर पुरली नाही, काही परत येईल, काही नाही, असे डॉक्टर म्हणाले.
उन्हाचाही हात असणारच.

४ जून
गोळ्या आता स्ट्रिपमध्येच राहतात. भिंतीवर प्राजक्ताने यादी लावली. सकाळी मीच द्यायला गेलो. शकुनने ओठ घट्ट मिटले. पाच मिनिटे उभा होतो. शेजारची आचल आली, तिच्या हातून लगेच घेतली.
प्राजक्ता म्हणते, आईले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.
मग ओठ का मिटले?

५ जून
उरलेल्या गोळ्या चंदा सिस्टर घेऊन जाते म्हणाल्या. मी म्हटले, एवढे मी करतो. चहाचा चोथा, कुंडीतली काळी माती, पाणी. हातानेच कालवले. नखांत हळद शिरली. पुंजारामच्याही टाकल्या. पिशवीला दोन गाठी मारल्या, घंटागाडी आली, दिली.
पंप बदलला. हवा थंड येते. तिला घाम येत नाही. पंप बिघडला होता तेव्हाचा घामही बहुतेक उन्हाचा नव्हता.

११ जून
यादीत माझेही नाव आले. गोळी : आचल. रात्री फोन : प्राजक्ता. पाणी : बाबा.
सकाळी आठला पाणी दिले. वेळेवर. शकुनने गोळी तोंडात धरली, ग्लास नाकाशी नेऊन हुंगला आणि आचलकडे पाहिले.
आचल म्हणाली, पाणीच हाय, काकू.
मग प्यायली.